विषय: गॉर्सच आणि आय-८८ हायवेवरचा ट्रक

२२ मार्च २०१७, रात्री
नमस्कार मंडळी,
पाडव्याच्या मेलांच्या गर्दीत हे घुसवतोय, माफ करा. दोन दिवस ऑफिसात एका कानात सिनेटची सुनावणी चालू आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती स्कॅलिया गेले. ओबामांनी सुचवलेल्या गार्लंडना सिनेटने साधं समोर बसवलंसुद्धा नाही, आणि आता त्याच खुर्चीसाठी नील गॉर्सच. एका चॅनेलवर म्हणतात फार सज्जन माणूस, दुसऱ्यावर म्हणतात कंपन्यांचा माणूस. आमचं ग्रीन कार्ड रांगेत, बायको एच-फोर ईएडीवर (एच-वनवाल्याच्या जोडीदाराला मिळणारा कामाचा परवाना) नोकरी करते. हे गृहस्थ आमच्यासारख्यांना कसे, एवढंच कळून घ्यायचंय. वकीलकाका, दोन ओळी टाकाल?
– नेपरव्हिल, एच-वनवाला

२३ मार्च, सकाळी
राजकारण आपल्या मेल-लिस्टवर नको, हा नियम आपणच केलाय. माहितीपुरतं चालू द्या. पक्षाचं नाव निघालं की धागा बंद. आणि पाडवा मंगळवारी आहे, श्रीखंडाची ऑर्डर द्यायचीय, अजून निम्म्या घरांनी माणसांचा आकडा कळवलेला नाही!
– सचिव

२३ मार्च, दुपारी
चिरंजीव,
दोन ओळींत मावणार नाही. जन्म १९६७, डेन्व्हर. कोलंबिया, मग हार्वर्ड (१९९१ ची बॅच, ओबामाही त्याच बॅचचे), पुढे ऑक्सफर्डची डॉक्टरेट. सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींच्या हाताखाली क्लार्क, म्हणजे मदतनीस वकील. २००६ पासून डेन्व्हरच्या अपील कोर्टात. तेव्हा सिनेटने आवाजी मतदानाने पाठवलं होतं, कुणी हू की चू केलं नव्हतं.

आता विचारसरणी. कायदा झाला त्या दिवशी साध्या माणसाला त्या शब्दांचा जो अर्थ कळला असता, तोच अर्थ. कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होतं, आज काय असतं तर बरं झालं असतं, हे न्यायाधीशाने बघायचं नाही. स्कॅलिया हेच सांगत आले. त्यांच्या जाण्याची बातमी गॉर्सचना बर्फात स्की करताना कळली आणि डोळ्यांतल्या पाण्याने पुढचा उतार दिसेना, असं त्यांनी भाषणात सांगितलंय.

मला हा माणूस पटतो, पण पूर्ण नाही. आपल्याकडे १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायाधीशांनी घटनेची 'मूलभूत चौकट' सांगितली. हे शब्द घटनेत कुठेही नाहीत. त्या निकालाला मी आयुष्यभर हात जोडत आलोय. गॉर्सचसाहेबांच्या तराजूत तो किती भरेल, सांगवत नाही.

तुझ्या कामाचं आता. १९८४ च्या शेव्हरॉन निकालापासून इथे असं आहे की कायदा संदिग्ध असेल तर सरकारी खात्याने लावलेला अर्थ कोर्टाने मानायचा. गॉर्सचना हे मुळीच मान्य नाही. गेल्या वर्षी एका परदेशी माणसाच्या खटल्यात खात्याने अर्थ बदलला आणि तो मागल्या तारखेपासून त्याला लावला. गॉर्सचनी त्या माणसाच्या बाजूने निकाल दिला, आणि वेगळं टिपण जोडून शेव्हरॉनलाच हात घातला. गंमत बघ, शेव्हरॉनमधला मूळ नियम पर्यावरण खात्याने १९८१ मध्ये केला तेव्हा खात्याच्या प्रमुख कोण? त्यांच्याच मातोश्री, ॲन गॉर्सच. खालच्या कोर्टात खटल्याचं नावही 'गॉर्सच' असंच होतं. १९८३ मध्ये बाईंना राजीनामा द्यावा लागला, तेव्हा हा पंधरा वर्षांचा मुलगा आईवरच चिडला होता, राजीनामा दिलास कशाला म्हणून.

पण हुरळून जाऊ नकोस. एच-फोरला नोकरीची मुभा २०१५ मध्ये खात्याने नियम करून दिली, काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, कायद्यात तसं सरळ लिहिलेलं नाही. खात्याचं ऐकायचं नाही म्हटलं की तिथेही ऐकायचं नाही.
– काका, ऑरोरा

२३ मार्च, रात्री
काका, तुमच्या साहेबांनी आय-८८ वरच्या ट्रकवाल्याचं काय केलं ते नाही सांगितलंत!

जानेवारी २००९. आठवतोय तो हिवाळा? मी रात्रपाळीहून याच रस्त्याने येते, बालाजीच्या देवळाला जायचा रस्ता. तर इलिनॉयमध्येच, याच आय-८८ वर, रात्री अकराच्या सुमाराला अल्फॉन्स मॅडिन नावाच्या ड्रायव्हरच्या ट्रेलरचे ब्रेक गोठले. केबिनचा हीटर बंद. कंपनी म्हणाली, थांब, दुरुस्तीवाला पाठवतो. त्याचा डोळा लागला. एका भावाचा फोन आला म्हणून जागा झाला, तर जीभ जड आणि अंग बधिर. पारा उणे १४ फॅरनहाइट. जीभ जड होते म्हणजे काय, ते आम्हा नर्सांना विचारा. पुन्हा फोन केला तर कंपनीचा साहेब म्हणतो, ट्रेलर ओढत ने, नाहीतर तिथेच बस. त्याने ट्रेलर सोडवला आणि नुसता ट्रक घेऊन गेला. थोड्या वेळाने परतसुद्धा आला. तरी नोकरीवरून काढलं.

कायदा म्हणतो, धोका असेल तेव्हा 'वाहन चालवायला नकार देणाऱ्याला' काढता येत नाही. दोन न्यायाधीश त्याच्या बाजूने. गॉर्सच एकटे विरोधात. का, तर त्याने नकार कुठे दिला, तो तर चालवत गेला! ह्याला आमच्या आजोळी शब्दाचा कीस पाडणं म्हणत. मेला असता म्हणजे नियमात बसला असता का?
– मावशी

२४ मार्च
मावशी, तो निकाल मी वाचलाय. कंपनी दयाळूपणे वागली का, शहाणपणाने वागली का, हे ठरवणं आमचं काम नाही, असंही त्यांनी त्यात लिहिलंय. तिथे मीही अडलो. बचाव करत नाही.
– काका

२४ मार्च
धागा बंद. श्रीखंड!!
– सचिव

२ मे २०२१
जुना धागा वर काढतोय. मी आता डॅलसला असतो, लिस्टवरून नाव काढायचं राहून गेलं. (ग्रीन कार्ड अजून रांगेतच.) गुरुवारचा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचलात का? ग्वाटेमालाचा नीस-चावेझ, २००५ मध्ये आलेला, डेट्रॉइटला राहणारा. दहा वर्षं सलग राहिला तर हद्दपारीतून सुटकेचा अर्ज करता येतो, पण सरकारची नोटीस आली की घड्याळ थांबतं. सरकारने अर्धी माहिती एका कागदावर पाठवली, तारीख-वेळ दोन महिन्यांनी दुसऱ्या कागदावर. कायद्यात आहे 'अ नोटीस'. गॉर्सच म्हणतात, 'अ' म्हणजे एक. एकच कागद, सगळी माहिती असलेला. दोन तुकडे जोडून घड्याळ थांबत नाही. सहा विरुद्ध तीन!

मंडळी, मराठीत आर्टिकल नाही. माझी मुलगी अजून माझे 'अ' आणि 'द' सुधारते. त्या 'अ'वर एका माणसाला अर्ज करण्यापुरती तरी जागा मिळाली.
– पूर्वीचा नेपरव्हिल

२ मे २०२१
वाचला. आनंद झाला. ट्रकवाला विसरलेली नाही.
– मावशी

३ मे २०२१, पुण्याहून
इथे दार बंद करून बसलोय, दुसरी लाट. दोन्ही लसी झाल्या, काळजी नसावी. तीन विरोधक कोण? रॉबर्ट्स, अलिटो, कॅव्हनॉ? आणि स्कॅलियांच्याच वळणाचे न्यायमूर्ती थॉमस नीस-चावेझच्या बाजूला? मग बसून वाचायलाच हवा. पूर्ण निकाल पाठव, विरोधी मतासकट, अक्षर मोठं करून.
– काका