गुहागर: बोअरच्या पाण्याने गीझरची कॉइल वर्षात दोनदा गेली, सॉफ्टनर घेऊ का?

सुपारीबाग
नमस्कार मंडळी. आमचं घर गुहागरला, किनाऱ्यापासून अडीचशे मीटरवर. चार वर्षांपूर्वी आवारात बोअर मारली, तेव्हापासून सगळ्या नळांना तेच पाणी. गीझरची कॉइल यंदा दुसऱ्यांदा गेली, काढली तर वर पांढऱ्या खड्यांचं कवच. मशीनमधून कपडे कडक निघतात, साबणाला फेस येत नाही, तूरडाळ पाच शिट्ट्या करूनही अर्धीकच्चीच राहते. दुकानदार अख्ख्या घराला सॉफ्टनर (थर धरणारे क्षार काढून पाणी मऊ करणारं यंत्र) लावा म्हणतोय. आई-बाबा दोघंच तिथे असतात, मी पुण्यात. कोणी बसवलाय का? कोणता घ्यावा?

जांभ्याची_भिंत
दादा, घाई नको. मी रत्नागिरीत प्लंबिंगची कामं करतो. आधी एक सांगा, एप्रिल-मे मध्ये पाणी मचूळ लागतं का?

विचारण्याचं कारण असं की जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मुळात मऊ असतं, त्यात साबण भरपूर फेसाळतो. किनाऱ्यालगत पाणी एवढं जड झालंय तर बहुतेक समुद्र आत शिरतोय. सॉफ्टनरमधलं रेझिन (बारीक मणी) पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतं. गंज धरवणारं क्लोराइड होतं तेवढंच पुढे जातं. म्हणजे थर थांबेल, गंज नाही. नळाखाली तांबूस डाग पडत असतील तर पाण्यात लोह आहे, आणि लोहाने रेझिन लवकर निकामी होतं. शिवाय रेझिन धुतल्यावर निघणारं मिठाचं पाणी सुपारीच्या आळ्यात गेलं तर बाग जाईल.

गंजलेली कॉइल फुटली की करंट थेट पाण्यात उतरतो. घरात वयस्कर माणसं आहेत. अर्थिंग तपासून ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, बाकी सगळं त्यानंतर.

सुपारीबाग
हो, मे महिन्यात चहासुद्धा फाटल्यासारखा लागतो. ईएलसीबीचं आजच वायरमनला सांगतो.

मालवणची_काकू
बाळा, आमच्याकडे खाडीकाठी हेच. कॉइलवर बाजारातलं ॲसिड ओतू नको, तांबं खाऊन टाकतं. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं. गीझर बंद करून कॉइल काढायची, लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे घालून तासभर बुडवायची, थर आपोआप सुटतो. मशीनचा रिकामा ड्रमही मी दोन महिन्यांनी असाच गरम पाण्यावर फिरवते. त्या दिवशी ब्लीचिंग पावडर जवळ आणायची नाही, दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. गीझर ५०-५५ अंशांवरच ठेव, पाणी जितकं तापतं तितका थर जास्त बसतो.

आणि डाळीला बोअरचं पाणी कशाला? जुनी बाव (विहीर) असेल ना आवारात?

निवृत्त_मास्तर
काकूंनी नेमकं विचारलं. मी रसायनशास्त्र शिकवायचो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

किनाऱ्याच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. उपसा करून वरची पातळी अर्धा मीटर उतरली, तर खालचं खारं पाणी सुमारे २० मीटर वर सरकू शकतं. म्हणून पाणी खारट झालं की बोअर आणखी खोल नेणं ही सर्वांत महागडी चूक. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. शंभर लिटरमध्ये असं पाच लिटर मिसळलं तरी कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात) लिटरमागे सुमारे ३०० मिलिग्रॅमने वाढतो.

टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो एकूण क्षार सांगतो, कोणते ते सांगत नाही. जिल्ह्याच्या पाणी-प्रयोगशाळेत बोअर आणि विहीर दोन्हींचे नमुने द्या. एकूण कठीणपणा, क्लोराइड आणि लोह, हे तीन आकडे मागा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० आणि १००० आहेत.

सुपारीबाग
रिपोर्ट आले. बोअर: कठीणपणा ३४०, क्लोराइड ६४०. आजोबांच्या वेळची विहीर, जी आम्ही बोअर मारल्यावर फळ्या टाकून झाकून ठेवली होती: कठीणपणा ७०, क्लोराइड ६०. लोह दोन्हीकडे नगण्य.

सॉफ्टनर रद्द. पुढच्या आठवड्यात विहिरीतला गाळ काढून घेतोय. अर्ध्या एचपीचा पंप आणि वेगळी ५०० लिटरची टाकी लावून त्यावर गीझर, मशीन आणि स्वयंपाकघर. बोअर फक्त संडासाला, तीही रोज थोडीच चालवायची.

जांभ्याची_भिंत
उत्तम. पावसाळ्याआधी छपराची पन्हळ त्या विहिरीकडे वळवा, मध्ये वाळू-खडीची गाळणी आणि पहिल्या सरींचं पाणी बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह ठेवा. १०० चौरस मीटरच्या कौलांवर ३००० मिमी पाऊस म्हणजे तीन लाख लिटर मऊ पाणी. नव्या टाकीला बोअरची लाइन मात्र अजिबात जोडू देऊ नका. वायरमन "असू द्या, अडीअडचणीला" म्हणेल, तरी नाही.