चार फुटी रीफ टँक (कोरल म्हणजे प्रवाळांचं, खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) ठाण्याहून पुण्याला न्यायचाय, वाळूचं काय करू?

खारीताई_ठाणे
नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली झालीये, महिनाअखेर बाणेरला शिफ्ट होतोय आणि बाकी सगळ्या सामानापेक्षा मला टँकचंच टेन्शन आलंय. ४ बाय दीड बाय दीड फूट, साडेतीन वर्षं झाली. क्लाउन माशांची जोडी, एक रॉयल ग्रामा मासा, क्लीनर श्रिंप, बबल टिप अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी), झोआ आणि मशरूम कोरल, २५ किलोच्या आसपास लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया वाढलेले दगड) आणि ३ इंच वाळू. पॅकर्सवाला म्हणतो अर्धं पाणी राहू द्या, आम्ही अलगद उचलतो. आणि वाळू तशीच ठेवली तर चालेल ना? चांगले बॅक्टेरिया त्यातच असतात म्हणे. क्लाउनची मादी माझ्या हातातून खाते हो, झोप लागत नाहीये.

कोथरूडकर_रीफ
ताई, अर्धं पाणी अजिबात नको. तुमचा टँक भरला की अडीचशे लिटर, म्हणजे अर्धं म्हटलं तरी सव्वाशे किलो पाणी घाटात हिंदकळणार, सिलिकॉनचे जोड त्यासाठी नसतात. पूर्ण रिकामा करूनच उचलायचा.

आणि वाळूचं माझ्यावरून ऐका. मी डोंबिवलीहून आलो तेव्हा हाच विचार करून जुनी वाळू तशीच ठेवली, वरून पाणी ओतलं आणि खालचा काळा थर उसळला, घरभर सडक्या अंड्यांचा वास. रात्री ११ ला अमोनियाची टेस्ट केली तर नळी हिरवीगार, म्हणजे माशांना विषारी अमोनिया भरपूर. सकाळी यलो टँग मासा तळाला आडवा पडलेला, कल्ले नुसते फडफडत होते. ६ वर्षं होता माझ्याकडे. प्रवासात त्याला काहीच झालं नव्हतं, वाळूनेच घात केला. बॅक्टेरिया दगडांवर भरपूर असतात, दगड पाण्यात बुडवून आणा म्हणजे झालं. वाळू नवीन घ्या, नाहीतर जुनी पाणी नितळ येईपर्यंत धुवा.

मीठपाणी_वसई
+१. क्रम चुकवू नका. काही हलवायच्या आधी वरचं स्वच्छ पाणी २० लिटरच्या जारमध्ये काढून घ्या, मग कोरल, मग दगड, आणि पाणी वीतभर उरलं की मासे. आधी मासे धरायला गेलात तर तासभर जाळी फिरवाल आणि ते दमून जातील. ग्रामा दगडाच्या भोकात बसून राहतो, म्हणून प्रत्येक दगड बादलीवर मिनिटभर धरून ठेवा. अ‍ॅनिमोन ओढून काढू नका, ज्या दगडावर बसलाय त्या दगडासकट वेगळ्या बादलीत, कारण तो वाटेत मेला तर सगळं पाणी नासवतो. झोआला हात लावताना ग्लोव्हज आणि चष्मा घालाच, त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे विष खरंच घातक आहे.

खारीताई_ठाणे
बापरे, बरं झालं विचारलं. पण सोसायटीत सामानाची लिफ्ट १० नंतरच मिळते, म्हणजे पोचून सेट होईपर्यंत ७-८ तास जातील. तेवढं टिकतील?

कोथरूडकर_रीफ
टिकतात. आदल्या दिवशी खायला देऊ नका. मासळीवाल्यांकडचे थर्माकोलचे बॉक्स घ्या, प्रत्येकात बॅटरीवरचा एअर पंप, आणि टेम्पोत नाही तर स्वतःच्या गाडीत ठेवा, एसी बेताचा. नवीन मीठपाणी आदल्या दिवशीच आरओ-डीआयच्या (क्षार काढलेल्या) पाण्यात कालवून पंप-हीटर लावून ठेवायचं, सॅलिनिटी (खारटपणा) विशिष्ट गुरुत्वात १.०२५, तापमान जुन्याइतकंच. श्रिंपला मात्र थेंब थेंब पाणी घालून सवय करा, त्याला सॅलिनिटीतला फरक माशांपेक्षा लवकर बाधतो. कॅनिस्टर फिल्टर असेल तर वाटेत पाणी भरून बंद ठेवू नका, आतलं सडतं.

खारीताई_ठाणे
पोचलो मंडळी! घरी यायला रात्रीचे ९ वाजले, पॅकर्सवाल्याला पाणी काढायला लावलं तेव्हा तो कुरकुरला पण ऐकलं. ग्रामा खरंच दगडात निघाला, बादलीवर धरला तर टुपकन खाली पडला. आज चौथा दिवस, अमोनिया शून्य, वाळू नवीनच टाकली. मादीने काल हातातून खाल्लं, मी रडलेच. अ‍ॅनिमोन मात्र आक्रसून कोपऱ्यात सरकलाय.

मीठपाणी_वसई
सरकू द्या, त्याला हवी ती जागा तो शोधेल. तोवर पॉवरहेडला (पाणी फिरवणाऱ्या पंपाला) जाळी लावा म्हणजे आत ओढला जाणार नाही, आणि लाइट आठवडाभर ४-५ तासच ठेवा. तोंड उघडं पडलं किंवा कुजका वास आला तर लगेच बाहेर काढायचा, वाट बघायची नाही.