नॅश समतोल म्हणजे 'सर्वांत चांगला निकाल' नव्हे, हे पदवीच्या विद्यार्थ्यांना कसे शिकवावे?

प्रश्न — तृतीय_वर्ष_अर्थशास्त्र

तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात मी तृतीय वर्ष कला शाखेला सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवतो. अल्पविक्रेताधिकाराच्या (मोजकेच विक्रेते असलेल्या बाजाराच्या) प्रकरणाला जोडून गेम थिअरीचा, म्हणजे एकाचा निकाल दुसऱ्याच्या निर्णयावरही अवलंबून असतो अशा परिस्थितींच्या अभ्यासाचा, परिचय करून द्यायचा असतो आणि त्यासाठी जेमतेम आठ-दहा तासिका मिळतात. माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांचा गणिताशी संबंध दहावीनंतर सुटलेला आहे. त्यामुळे अवकलनाचा (कॅल्क्युलसचा) आधार घेता येत नाही.

नेहमीच्या क्रमाने मी कैद्यांच्या पेचापासून सुरुवात करतो: वेगवेगळे ठेवलेले दोन कैदी कबुली द्यावी की गप्प राहावे हे ठरवतात; दोघे गप्प राहिले तर दोघांचेही भले, पण प्रत्येकाला एकट्यापुरती कबुलीच फायद्याची वाटते. दोघांच्या दोन-दोन पर्यायांतून होणाऱ्या त्या चार चौकटींमध्ये प्रबळ डावपेच (समोरच्याने काहीही केले तरी फायद्याचाच ठरणारा पर्याय) कोणता, हे विद्यार्थी बरोबर ओळखतात. मात्र ज्या खेळात प्रबळ डावपेचच नाही किंवा समतोल एकाहून अधिक आहेत, असा खेळ समोर ठेवला की ते सरळ सर्वांत मोठे आकडे असलेल्या चौकटीवर खूण करतात आणि 'इथे दोघांचाही फायदा आहे, म्हणून हा समतोल' असे कारण लिहितात. नॅश समतोल म्हणजे जिथून एकट्याने डावपेच बदलून कोणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती, ही व्याख्या विचारली तर ती मात्र तोंडपाठ असते.

मांडणीचा क्रम बदलावा का, वर्गात प्रत्यक्ष खेळ घ्यावेत का आणि इतक्या कमी वेळात मिश्र डावपेच (एकच पर्याय न धरता पर्यायांमधून ठरावीक शक्यतेने निवड करणे) शिकवण्याचा आग्रह धरावा का, याबद्दल अनुभवी शिक्षकांचे मत हवे आहे.

उत्तर १ — चौकट_आणि_बाण

आपण वर्णन केलेल्या अडचणीचे मूळ बहुधा कैद्यांच्या पेचाने सुरुवात करण्यातच आहे. त्या खेळात समोरचा काहीही करो, माझे उत्तर एकच राहते. त्यामुळे 'समोरच्याने अमुक केले तर मी काय करावे' हा प्रश्न विद्यार्थ्याला स्वतःला विचारावाच लागत नाही, आणि गेम थिअरीचा सगळा गाभा तर त्याच प्रश्नात आहे. मी हा पेच मुद्दाम तिसऱ्या-चौथ्या तासिकेपर्यंत मागे ठेवतो.

पहिल्या तासिकेत अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांचा 1960 सालचा प्रश्न स्थानिक रूपात विचारावा. त्यांनी न्यूयॉर्कमध्ये भेटायचे ठरवून जागा आणि वेळ न ठरवलेल्या दोन माणसांचे उदाहरण घेतले होते आणि उत्तरे ग्रँड सेंट्रल स्थानक व दुपारचे बारा यांभोवती गोळा झाली होती. आपण जिल्ह्याचे ठिकाण घ्यावे, फोन नाही असे समजावे आणि प्रत्येकाकडून चिठ्ठीवर एकच जागा लिहून घ्यावी. बसस्थानक, एखादा पुतळा, एखादे मंदिर अशी दोन-तीन उत्तरे पुढे आली, की यांपैकी प्रत्येक जागा समतोल आहे आणि कोणतीही 'बरोबर' नाही, हे फळ्यावर दाखवता येते.

त्यानंतर असा खेळ घ्यावा, ज्यात दोन समतोल आहेत आणि त्यांपैकी एक दोघांच्याही दृष्टीने सरस आहे. समजा, दोन शेतकऱ्यांनी भागीत टेम्पो करून फुले शहराच्या बाजारात न्यायचे ठरवले, तर प्रत्येकाला 400 रुपये सुटतात. एकटाच निघाला, तर पूर्ण भाडे त्याच्या अंगावर पडून हाती शून्य उरते. गावातच माल दिला, तर दुसऱ्याने काहीही केले तरी 300 रुपये मिळतात. दोघेही शहरात जातात हा समतोल आहे आणि दोघेही गावातच विकतात हादेखील समतोलच आहे, कारण तिथून एकट्याने हलणाऱ्याचे 300 रुपये जातात. 'दोघांनाही 400 मिळत असताना 300 वर कोण थांबेल?' हा प्रश्न वर्गातून हमखास येतो. तो आला की घाईने उत्तर न देता, त्या चौकटीतून एकट्याला बाहेर पडता येते का, एवढेच तपासायला सांगावे.

तपासणीची रीत यांत्रिक असली तरी चालेल. चौकटीतून एकाने डावपेच बदलल्यास त्याचा फायदा होत असेल, तर त्या दिशेने बाण काढायचा. ज्या चौकटीतून एकही बाण बाहेर जात नाही, तो समतोल. आकडे किती मोठे आहेत, याच्याशी बाणाला काही देणेघेणे नसते, ही गोष्ट हाताने बाण काढल्यावर जितकी ठसते, तितकी व्याख्येने ठसत नाही.

उत्तर २ — द्विविक्रेता

वरील मांडणी आकर्षक आहे. परंतु आठच तासिका असतील तर तिच्याबद्दल मला शंका आहे. विद्यार्थी आदल्याच आठवड्यात अल्पविक्रेताधिकार शिकलेले असतात आणि आपण त्यांना एकदम बसस्थानक आणि फुलांच्या टेम्पोकडे नेतो. परिणामी, गेम थिअरी हा अर्थशास्त्राबाहेरचा कोड्यांचा तास आहे, असे त्यांना वाटू लागते. फ्रेंच गणितज्ञ कुर्नो यांनी 1838 मध्ये मांडलेले, दोन विक्रेते आपापले उत्पादन ठरवतात असे द्विविक्रेत्यांचे प्रारूप हातात असताना ही तुटकता पत्करण्याचे कारण नाही.

अवकलनाशिवाय ते असे शिकवता येते. बाजाराची किंमत 120 उणे एकूण उत्पादन आणि उत्पादनखर्च शून्य, असे धरावे. प्रतिस्पर्ध्याने 30 नग आणले, तर माझ्यासाठी उरलेली मागणी 90 उणे माझे उत्पादन अशी होते. सरळ रेषेतील मागणीवर एकूण प्राप्ती मध्यबिंदूवर सर्वाधिक असते, हे मक्तेदारीच्या प्रकरणात झालेलेच आहे. म्हणून माझे सर्वोत्तम उत्तर 45. नियम एवढाच, की 120 मधून समोरच्याचे उत्पादन वजा करायचे आणि उरलेल्याचे निम्मे घ्यायचे. वर्गाचे दोन गट करून आळीपाळीने हा नियम लावायला सांगितला, तर सुरुवात कोणत्याही आकड्याने होवो, काही फेऱ्यांतच दोन्ही गट 40 च्या आसपास येतात. सर्वोत्तम प्रतिसादाचे दोन वक्र जिथे एकमेकांना छेदतात, तो नॅश समतोल विद्यार्थ्यांनी तोवर स्वतःच शोधलेला असतो. अर्थात, प्रारूपातील विक्रेते एकाच वेळी निर्णय घेतात आणि या फेऱ्या केवळ समतोल शोधण्याचे साधन आहेत, हे स्पष्ट करायला विसरू नये.

आता यातूनच चार चौकटी काढाव्यात. दोघांनी संगनमताने प्रत्येकी 30 नग आणले, तर किंमत 60 आणि नफा प्रत्येकी 1800. दोघांनी 40 आणले, तर किंमत 40 आणि नफा प्रत्येकी 1600. एकाने 40 आणि दुसऱ्याने 30 आणले, तर किंमत 50 होऊन पहिल्याला 2000 आणि दुसऱ्याला 1500 मिळतात. हा कैद्यांचा पेचच आहे. मात्र त्यातील प्रत्येक आकडा मागणीच्या रेषेतून आलेला असल्यामुळे 'हे आकडे कुठून आणले?' असे कोणी विचारत नाही. दोघांना 1800 मिळवून देणारी चौकट टिकत का नाही आणि विक्रेत्यांच्या संगनमताला कायमची गळती का लागते, या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे, हेही इथेच कळते. शिवाय ही 1600 ची चौकट ग्राहकांना 1800 च्या चौकटीपेक्षा हितकर आहे. 'चांगला निकाल' म्हणजे कोणासाठी चांगला, हा आपल्या मूळ प्रश्नातील दडलेला भाग त्यामुळे उघडा पडतो.

कैद्यांची गोष्ट यानंतर सांगावी आणि तिचा इतिहासही जरूर सांगावा. अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेत 1950 मध्ये मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी हा खेळ रचला. कैद्यांची कथा अल्बर्ट टकर यांनी नंतर जोडली. रँडमधील त्या पहिल्या प्रयोगात दोन जाणकारांनी तो सलग 100 वेळा खेळला आणि 60 फेऱ्यांमध्ये दोघांनीही सहकार्य केले. त्यावर, ज्यांच्या नावाने हा समतोल ओळखला जातो त्या जॉन नॅश यांचा आक्षेप असा होता, की हे शंभर स्वतंत्र खेळ नसून अनेक चालींचा एकच मोठा खेळ आहे. पुनरावृत्त खेळांकडे वळण्यासाठी मला याहून चांगला दुवा सापडलेला नाही.

उत्तर ३ — मिश्र_डावपेच

वर्गात खेळ घेण्याबद्दल थोडे लिहितो. शून्य ते शंभरमधील एक संख्या लिहायची आणि सर्व संख्यांच्या सरासरीच्या दोन-तृतीयांशाच्या जो सर्वांत जवळ असेल तो जिंकला, हा खेळ अर्थशास्त्रज्ञ रोझमेरी नागेल यांच्या 1995 मधील लेखामुळे सर्वत्र पोहोचला. प्रत्येक जण इतरांच्या सरासरीच्या खाली जाऊ पाहतो, म्हणून समतोल शून्यावर आहे, पण पहिल्या फेरीत शून्य लिहिणारा सहसा हरतो. इथे थांबल्यास 'सिद्धांत चुकीचा ठरला' असा निष्कर्ष घेऊन विद्यार्थी घरी जातात, म्हणून हा खेळ निदान तीन फेऱ्या खेळावा. आकडे खाली सरकताना दिसले पाहिजेत. बक्षीस म्हणून चॉकलेट द्यावे, अंतर्गत गुण देऊ नयेत.

मिश्र डावपेच वगळू नयेत, असे माझे मत आहे. मात्र नाणे जुळवण्याच्या खेळावर वेळ घालवू नये. रेल्वेचे तिकीट आणि तपासनीस हे उदाहरण घ्यावे. भाडे 10 रुपये आणि विनातिकीट पकडले गेल्यास भाड्यासह किमान 250 रुपयांचा दंड, म्हणजे एकूण 260. तपासणीची शक्यता 26 पैकी 1 असेल, तेव्हा प्रवाशाला तिकीट काढणे आणि न काढणे सारखेच पडते. रेल्वेच्या बाजूने एका प्रवाशाच्या तपासणीचा खर्च 13 रुपये मानला, तर 20 पैकी 1 प्रवासी विनातिकीट असताना रेल्वेला तपासणे आणि न तपासणे सारखेच ठरते.

आता भाडे दुप्पट करून 20 करावे आणि काय होईल ते वर्गाला विचारावे. जवळजवळ सगळे म्हणतात की विनातिकीट प्रवास वाढेल. हिशेब मांडल्यावर तपासणीची शक्यता 27 पैकी 2, म्हणजे जवळपास दुप्पट होते, तर विनातिकीट प्रवाशांचे प्रमाण 260 पैकी 13 वरून 270 पैकी 13 वर येते, म्हणजे किंचित घटते. माझ्या डावपेचाचे प्रमाण माझ्या नव्हे, तर समोरच्याच्या मोबदल्यावरून ठरते, ही या विषयातील सर्वांत अनपेक्षित गोष्ट भागाकार येणाऱ्या कोणालाही इथे पडताळता येते. तिच्यासाठी दोन तासिका खर्च झाल्या तरी हरकत नाही.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर — तृतीय_वर्ष_अर्थशास्त्र

आपणा सर्वांचे आभार. कुर्नोच्या आकड्यांनी सुरुवात करून फुलांच्या टेम्पोचा खेळ त्यानंतर लगेच घ्यावा, असे सध्या ठरवत आहे, कारण दोन समतोलांचे उदाहरण मला टाळता येणार नाही. अडचण उरते ती परीक्षेची. 'नॅश समतोल स्पष्ट करा' या प्रश्नाला पाठ केलेली व्याख्याच येते आणि तिला गुण द्यावेच लागतात.

उत्तर ४ — चौकट_आणि_बाण

द्विविक्रेता यांनी सुचवलेला क्रम आपल्या वर्गाला अधिक सोयीचा आहे, हे मला मान्य आहे. बाण मात्र सोडू नका.

विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेवर आपला अधिकार नसला, तरी अंतर्गत चाचणीत एकाच सारणीवर तीन वेगळे प्रश्न विचारता येतात: कोणत्या चौकटीत दोघांची बेरीज सर्वाधिक आहे, कोणत्या चौकटीतून एकट्याने हलण्यात कोणाचाच फायदा नाही आणि या दोन चौकटी वेगळ्या असतील तर पहिलीतून नेमका कोण हलेल व त्याला किती जास्त मिळेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर संख्येत मागावे, म्हणजे पाठांतर उपयोगी पडत नाही. सारणी कुर्नोची असेल तर अपेक्षित उत्तर असे: 1800 च्या चौकटीतून दोघांपैकी कोणीही हलेल आणि त्याला 200 जास्त मिळतील. चौथा प्रश्न जोडायचा असेल, तर ठरलेल्या 30 नगांपेक्षा जास्त माल आणणाऱ्यावर किमान किती दंड लावला म्हणजे 1800 ची चौकट टिकेल, हे विचारावे. 200 हे आकड्याचे उत्तर बहुतेकांना येईल. पण 200 पेक्षा थोडा जास्त दंड असला तरी दोघेही 30 वर राहतील का, यावर एक ओळ लिहायला सांगितली, की एकाने 30 धरल्यावर आणि एकाने 40 धरल्यावर असे दोन्ही बाण त्यांना पुन्हा तपासावे लागतात.