पार्क काउंटीची सहल: शनिवार नको, मंगळवार

प्रेषक: मेधा (सहल समिती)

नमस्कार मंडळी,

इंडियानातल्या पार्क काउंटीच्या कव्हर्ड ब्रिज फेस्टिव्हलला (छपराच्या पुलांच्या जत्रेला) जायचं आपण तीन वर्षं नुसतं घोकतोय. यंदा जाऊनच येऊ. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारी सुरू होऊन तो दहा दिवस चालतो. इंडियानापोलिसहून यूएस ३६ हा महामार्ग धरला की तासा-सव्वा तासात काउंटीचं मुख्य गाव रॉकव्हिल. काउंटीत छपराचे ३१ लाकडी पूल आहेत आणि ते बघायला पाच रंगांचे पाच रस्ते नकाशात आखून दिलेत. एका दिवसात सगळे पूल बघायच्या फंदात कृपया कुणी पडू नका. मॅन्सफिल्ड, ब्रिजटन आणि जमलंच तर टर्की रन पार्कातला नॅरोज पूल, एवढं पुरे.

शनिवारी सकाळी आठ वाजता मंदिराच्या पार्किंगमधून निघू. नावं बुधवारपर्यंत कळवा.

मेधा

प्रेषक: शिरीष

मेधाताई, बेत झकास, पण शनिवार तेवढा रद्द करा. आम्ही दोन वर्षांपूर्वी शनिवारीच गेलो होतो. ब्रिजटनच्या अलीकडे गाडी दीड तास जागची हलली नाही. दोन्ही बाजूंना वाळलेला मका, पुढे-मागे गाड्या, आणि धाकट्याला जोराची लागलेली. पुढचं सांगत नाही. शेवटी एका शेतात गाडी लावायला जागा मिळाली, तर तिथे रोख पैसे हवे होते आणि माझ्या खिशात नुसती कार्डं. मागच्या गाडीतल्या गोऱ्या आजोबांनी माझे पैसे भरले. परत करायला पत्ता मागितला तर हसत म्हणाले, पुढच्या वर्षी असाच कुणी अडकलेला दिसला तर त्याचे भर. तेव्हा सगळ्यांनी सुटे डॉलर ठेवा.

शाकाहारींसाठी आणखी एक. मोठ्या कढईत रटरटणारे बीन्स बघून जीभ चाळवते, पण त्यात हॅम असतं. आमच्या हिला दुसऱ्या घासाला कळलं. कणीस, केटल कॉर्न, अ‍ॅपल सायडर बिनधास्त घ्या.

पूल मात्र बघण्यासारखे आहेत, यात वाद नाही. मुलं विचारतात, पुलाला छप्पर कशाला? ते माणसांसाठी नाही हो, लाकडासाठी. आतल्या कमानी आणि तुळया पावसात भिजत राहिल्या की थोड्या वर्षांत कुजतात. छपराचे पत्रे आणि बाजूच्या फळ्या खराब झाल्या तर बदलता येतात, सांगाडा कोरडा राहतो. म्हणून तर १८६१चा जॅक्सन पूल अजून उभा आहे. ब्रिजटनचा मूळ पूल १८६८चा. तो २००५ मध्ये कुणीतरी पेटवून दिला, आणि २००६ मध्ये गावाने त्याच जागी तसाच नवा उभा केला. त्यावरून आता फक्त पायी जाता येतं. आत उभं राहिलं की खालच्या बंधाऱ्याचं पाणी ऐकू येतं आणि फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या पायांवर पडतात. शेजारच्या गिरणीत मक्याचं जाडसर पीठ मिळतं. भाकरी थापायला जाऊ नका, तुटते. उकड बरी होते.

शिरीष

प्रेषक: नागपूरकर काका

मेधा बेटा,

शिरीष बरोबर म्हणतो, शनिवार नको. माझे गुडघे दीड तास गाडीत बसायच्या लायकीचे राहिले नाहीत.

तिकडे रस्त्याच्या कडेला पर्सिमनची झाडं दिसतात. लहान, नारिंगी फळं. मुलाने मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी म्हटलं, अरे बाप्पा, हे तर आपलं टेंभरू! भंडाऱ्याकडे ज्याच्या पानाच्या विड्या वळतात ते झाड आणि हे झाड एकाच कुळातले. आपल्याकडे उन्हाळ्यात पिकतं, इथे थंडीच्या तोंडावर, एवढाच फरक. कच्चं तोंडात घातलं तर जीभ अशी आकसते की पोट्टे अर्धा तास बोलत नाहीत. (काही आयांना ही माहिती उपयोगी पडेल.) झाडावरचं तोडू नका. खाली पडलेलं, मऊ लिबलिबीत झालेलं उचला, मालकाला विचारून. इथले लोक त्याच्या गराचं पुडिंग करतात, मी नुसतंच खातो.

काका

प्रेषक: शिल्पा

मंगळवार चालेल का? आमच्या शाळांना त्या आठवड्यात फॉल ब्रेक आहे, बहुतेकांना असावा.

हॅलोविनसाठी भोपळे तिकडूनच आणू, पण गेल्या वर्षीचा माझा पराक्रम कुणी करू नका. मुलांनी कोरलेल्या भोपळ्याचा गर वाया जाऊ नये म्हणून मी घारगे करायला घेतले. गूळ घालून शिजवायला ठेवला तर त्याला पाणी सुटत गेलं, सुटतच गेलं. कणीक घालून घालून परात भरली, आणि घारगे शेवटी चामड्यासारखे झाले. कोरायचा भोपळा दिसायला मोठा, आतून पाणीदार आणि रेषाळ. खायला लहान 'पाय पंपकिन' (पाय या गोड पदार्थासाठी वापरतात तो भोपळा) घ्या, दाट आणि गोड. कोरलेल्याच्या फक्त बिया भाजा, तिखट-मीठ लावून.

आणि वेशभूषेत यंदा स्पायडरमॅन पुरे झाले. आपली भुतं काय कमी आहेत? मुंजाला पांढरं धोतर, जानवं आणि शेंडी, झालं काम. माझी लेक हडळ होणार आहे. पाय उलटे कसे दाखवायचे यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. आता मोज्यांवर टाचेच्या बाजूला पुठ्ठ्याची बोटं चिकटवली आहेत. चालताना दोनदा पडली, पण हट्ट सोडत नाही. दारोदार वाटायला शेंगदाण्याची चिक्की मात्र नको, अ‍ॅलर्जीवाली मुलं असतात.

शिल्पा

प्रेषक: मेधा (सहल समिती)

ठरलं तर मग, मंगळवार, सकाळी साडेसात. छोट्या गाड्यांनीच जाऊ, मोठी बस सगळ्या पुलांवरून नेता येत नाही. पोळी-भाजीचा डबा प्रत्येकाने आपापला आणायचा. शिल्पा, हडळीला त्या दिवशी साधे बूट घालून आण गं, पुलावरच्या फळ्या वरखाली असतात.

काका, तुम्ही माझ्या गाडीत पुढच्या सीटवर. टेंभरांसाठी कडक डबा आणा, पिशवीत चिरडतात.

मेधा