मॅनेजर : व्यवस्थापक, दिवाणजी की कारभारी?

प्रश्न : शाहूपुरीत आमच्या पतसंस्थेची नवी शाखा निघतेय. सगळ्या पाट्या मराठीत करायच्या ठरल्यात. 'मॅनेजर'ला व्यवस्थापक लिहायचं ना? आमच्याकडे एक मार्केटिंग मॅनेजरही आहेत, पण त्यांच्या हाताखाली कुणीच नाही. त्यांनाही व्यवस्थापकच म्हणायचं का?

उत्तर : कोशात व्यवस्थापक सापडतो आणि तो बरोबरही आहे. पण पाटी रंगवण्याआधी त्या माणसाच्या हातात नेमकं काय आहे ते बघा. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी हातच आहे. लॅटिनमध्ये हाताला 'मानुस' म्हणतात, त्यावरून इटालियनमध्ये घोडा हाताळण्याचं क्रियापद आलं आणि तिथून ते इंग्रजीत गेलं. आपणही कारभार 'हातात घेतो' आणि माणसं 'हाताखाली' असतात.

एसटीत गाड्या, फेऱ्या, चालक-वाहक यांचं रोजचं बघतो तो आगार व्यवस्थापक. त्याच्या वरचा मात्र विभाग नियंत्रक. साखर कारखान्यात कार्यकारी संचालक असतात, बोलताना सगळे एमडीच म्हणतात. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर जा. शेतकऱ्याची पट्टी करणारा, कुणाची किती उचल झाली ते वहीत बघून सांगणारा, मालक गावाला गेला तरी पेढी चालू ठेवणारा माणूस म्हणजे दिवाणजी. काम मॅनेजरचंच, पण त्याला पैशाच्या विश्वासाची जोड आहे. ती 'व्यवस्थापक'मध्ये येत नाही.

या सगळ्यात जुना आणि वजनदार शब्द कारभारी. तो कोल्हापूरच्या इतिहासातच आहे. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात 1882 साली टिळक आणि आगरकरांना शिक्षा झाली आणि दोघांनी 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. कारभारी गादीवर बसत नाही, पण राज्य त्याच्या हातून चालतं. मॅनेजर आणि मालक यांच्यातला फरक इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा शब्द मला माहीत नाही. घरात बाई नवऱ्याला 'आमचं कारभारी' म्हणते तेही याच अर्थाच्या ओघात. एवढा भरलेला शब्द आपण गावगाड्याच्या गोष्टींपुरता ठेवला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फुटबॉलमध्ये तर एकच शब्द दोन कामं दाखवतो. इंग्लंडमधल्या क्लबचा मॅनेजर संघ निवडतो, डावपेच ठरवतो. शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या आपल्या पेठांच्या संघांत ते काम प्रशिक्षकाचं. संघ व्यवस्थापक खेळाडूंची नोंदणी, किट, कागदपत्रं बघतो. म्हणून इंग्लंडची बातमी मराठीत देताना 'व्यवस्थापक' लिहिलं की इथला वाचक चुकीचा माणूस डोळ्यांसमोर आणतो. तिथे प्रशिक्षक किंवा सरळ मॅनेजर लिहावं. नटाचा मॅनेजर, संगणकातला फाइल मॅनेजर यांनाही मॅनेजरच राहू द्या.

आणखी एक प्रश्न : मग 'मॅनेज करणे'चं काय?

उत्तर : त्याने मराठीत वेगळाच संसार मांडलाय. 'पोरं, नोकरी सगळं मॅनेज करते' यात कौतुक आहे. 'आज एवढ्यावरच मॅनेज करा' म्हणजे भागवून घ्या. आणि निवडणुकीत 'तो मॅनेज झाला' किंवा मैदानात 'कुस्ती मॅनेज होती' म्हटलं की मागे देवघेव झाली, हे सांगावं लागत नाही. या तिसऱ्या अर्थामुळे लेखी मराठीत हे क्रियापद जपून वापरावं. 'साहेबांनी सगळं मॅनेज केलं' असं अहवालात गेलं, तर वाचणारा भलताच अर्थ घेईल. तिथे सांभाळलं, जुळवून आणलं, निभावलं यांतलं जे खरं असेल ते लिहा.

आता तुमच्या पाट्या. शाखेच्या प्रमुखाला 'शाखाधिकारी' किंवा 'शाखा व्यवस्थापक', दोन्ही चालतील. ठेवीदारांच्या तोंडी जो शब्द आहे तो घ्या. मार्केटिंगवाल्यांच्या हाताखाली माणसं नाहीत, व्यवस्था लावायची नाही, ठेवी आणायच्या आहेत. त्यांना 'ठेव संकलन अधिकारी' लिहा.