केमिकलचं शेवटचं वर्ष, बडोदा: ट्रेनिंग, मैत्रीण आणि प्लेसमेंट एकाच वर्षात कसं बसवायचं?

दांडियाबाजार_केमिकल

नमस्कार मंडळी. केमिकल इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष चालू आहे, पाचवं सेम नुकतंच संपलं. मे-जूनमध्ये ट्रेनिंग, मग शेवटचं वर्ष सुरू होताच जुलै-ऑगस्टपासून कॉलेजात कंपन्या यायला लागतील. वर्गातले बरेच जण म्हणतात की रिफायनरी किंवा जीएसएफसीसारखं (इथला खतांचा मोठा कारखाना) मोठं नाव मिळालं तरच ट्रेनिंगला अर्थ आहे, नाहीतर नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या युनिटमध्ये वेळ फुकट जातो. हे खरं आहे का? अर्ज कधी आणि कसा करायचा?

दुसरं. माझी मैत्रीण आर्किटेक्चरला आहे. तिचं एका सेमचं ट्रेनिंग पुण्याला ठरतंय, नेमकं माझ्या प्लेसमेंटच्या काळात. दोघांच्याही घरी अजून सांगितलेलं नाही. नोकरी कुठल्या गावात घ्यायची यावरून आत्तापासूनच कुरबुर सुरू झाली आहे.

आणि तिसरं, ऑफर लेटरमधलं पॅकेज आणि हातात येणारा पगार यात एवढा फरक का असतो, हे कोणी आकडे मांडून सांगेल का?

कोयली_ते_नंदेसरी

ट्रेनिंगपुरतं सांगतो, बाकीचं इथले इतर लोक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

नावाच्या मागे लागू नकोस. मोठ्या कारखान्यात शिस्त, सेफ्टी आणि अख्खी प्रोसेस एकत्र बघायला मिळते, पण तिथे एका वेळी पुष्कळ ट्रेनी असतात आणि कंट्रोल रूममध्ये नुसतं उभं राहण्यात चार आठवडे निघून जाऊ शकतात. नंदेसरीच्या बॅच प्लांटमध्ये माणसं कमी, त्यामुळे लॉगशीट हातात मिळते, रिअ‍ॅक्टरमध्ये माल भरताना (चार्ज होताना) जवळून बघता येतो. मुलाखतीत दोन्ही चालतं. चालत नाही ते एकच: ‘प्रोसेस ऑब्झर्व्ह केली’ असं रिपोर्टमध्ये लिहिणं. तुला एक आकडा घेऊन बाहेर पडायचंय.

अर्ज जानेवारीतच कर. मार्चमध्ये जाशील तर मे-जूनच्या जागा भरलेल्या असतात. कॉलेजच्या ट्रेनिंग-प्लेसमेंट सेलकडून पत्र घे. त्यात तुझं सेमिस्टर, नेमक्या तारखा (‘उन्हाळ्यात’ असं मोघम नको) आणि ट्रेनिंग अभ्यासक्रमाचा भाग आहे हे वाक्य असू दे. सोबत बोनाफाइड, आधारची प्रत, फोटो, मार्कशीट आणि पालकांचं ना-हरकत पत्र. काही ठिकाणी ऑनलाइन अर्ज असतो, काही ठिकाणी अजून कागदच लागतो, म्हणून सगळ्याचे पाच संच करून ठेव. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एचआरला फोन कर, आणि फोनवर विभागाचं नाव घे: युटिलिटी (पाणी, वाफ, हवा पुरवणारा), अमोनिया, ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण), जे हवं ते. विभाग न सांगणाऱ्याला जिथे जागा असेल तिथे बसवतात.

बूट स्टील-टोचेच घे, आयएस १५२९८ चा शिक्का बघून, आणि पहिल्या दिवसाआधी आठवडाभर घरात घालून वापर, नाहीतर टाचा सोलवटतात. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. सिंथेटिक कापड आगीत वितळून अंगाला चिकटतं. मोबाइल गेटवरच ठेवावा लागेल असं धरून खिशात मावणारी वही आणि दोन पेन ने. नंदेसरी, सावली, हालोलला जायचं तर स्टाफच्या बसमध्ये ट्रेनीला जागा देतात का, हे आधीच विचार. सकाळी आठ-साडेआठला गेटवर हजर व्हायचं तर एस.टी.च्या भरवशावर रोज जमत नाही.

आता प्रोजेक्ट. कूलिंग टॉवर घे, म्हणजे कारखान्यातलं गरम पाणी हवेने थंड करणारा मनोरा. तो जवळजवळ प्रत्येक कारखान्यात असतो आणि त्याचे आकडे द्यायला कोणी फारशी का-कू करत नाही. समज, वर येणारं पाणी ४० अंश, खालच्या टाक्यातलं (बेसिन) ३२, हवेचं वेट बल्ब, म्हणजे ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं तापमान, २८. म्हणजे रेंज (४० वजा ३२) ८ आणि अप्रोच (३२ वजा २८) ४. फिरणारं पाणी तासाला ५०० घनमीटर असेल तर बाष्पीभवन साधारण ०.०००८५ × १.८ × ५०० × ८, म्हणजे तासाला ६.१ घनमीटर. सीओसी, म्हणजे फिरणाऱ्या पाण्यात क्षार ताज्या पाण्याच्या किती पट झाले, तो ४ ठेवायचा तर ब्लोडाऊन (मुद्दाम सोडून द्यायचं क्षारयुक्त पाणी) ६.१ भागिले (४ वजा १), म्हणजे २. मेकअप, म्हणजे भरून काढायचं ताजं पाणी, या दोन्हींची बेरीज, आठच्या थोडा वर यायला हवा. मीटर १२ दाखवत असेल तर ते चार घनमीटर कुठे जातात, हाच तुझा प्रोजेक्ट.

शोधायचं कुठे? बेसिनचा फ्लोट व्हॉल्व्ह अडकून रात्री ओव्हरफ्लो होतो का बघ. ड्रिफ्ट एलिमिनेटर (हवेबरोबर उडणारे थेंब अडवणारी जाळी) तुटला असेल तर टॉवरच्या आजूबाजूची जमीन सतत ओली असते. पंपाच्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या सीलमधून) धार लागलेली असते. आणि हे सहसा कोणी लिहीत नाही, पण कूलिंग वॉटरच्या लाइनला होज लावून फरशा धुतल्या जातात. हे सगळं वाया जाणारं पाणी ब्लोडाऊनसारखंच काम करतं, त्यामुळे कागदावर सीओसी ४ असला तरी प्रत्यक्षात १२ भागिले ५.९ (१२ मधून बाष्पीभवनाचे ६.१ वजा), म्हणजे जेमतेम २ निघतो. लॅबमधून बेसिन आणि मेकअप दोन्हींची हार्डनेस घेऊन गुणोत्तर काढ आणि ताडून बघ. क्लोरीनचं डोसिंग चालू असेल तर क्लोराइडवरून काढू नकोस, आकडा फुगतो. रीडिंग सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री दहा अशी निदान दहा दिवस घे. मे महिन्यातल्या एका दुपारच्या रीडिंगवर काढलेल्या निष्कर्षाला इंजिनिअर विचारणार नाही.

कंपनीचे आकडे रिपोर्टमध्ये छापण्याआधी गाइडची लेखी परवानगी घे. नाही मिळाली तर टक्केवारीत मांड.

रावपुऱ्याची_ताई

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण तो दुय्यम नाहीये. मुलाखतीच्या आदल्या रात्री दोन तास भांडण झालं की सकाळी पंपाचा एनपीएसएच (सक्शनला लागणारा किमान दाब) सुद्धा आठवत नाही.

आधी कॅलेंडर. तुझ्या कंपन्या, तिचे सबमिशन, दोघांच्या परीक्षा आणि सण एकाच कागदावर लिहा. २०२६ मध्ये गणपती १४ सप्टेंबरला बसतायत आणि नवरात्र ११ ऑक्टोबरला. बडोद्यात नवरात्राचे नऊ दिवस कोणी रात्री बारापर्यंत घरी येत नाही, आणि प्लेसमेंट तेव्हाही चालूच असते. नऊपैकी कोणत्या तीन रात्री गरब्याला जायचं ते आधी ठरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी टेस्ट असेल तर ती रात्र वगळा, आणि हे तिला सप्टेंबरमध्येच सांग. पोशाख नेसून तयार झाल्यावर ‘येत नाही’ म्हणणं कोणालाही लागतं.

पुण्याचं सेम. रोज फोन करू असं ठरवू नका, ते आठवड्याभरात मोडतं आणि मग मोडल्याचंच भांडण होतं. आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग जायचं असेल तर रात्रीचे नऊ सहज वाजतात. आठवड्यातून दोन ठरलेले दिवस, अर्धा तास, आणि बाकी दिवस जमेल तसा मेसेज. ज्या दिवशी टेस्ट किंवा मुलाखत, त्या दिवशी संपेपर्यंत ‘काय झालं?’ विचारायचं नाही, दुसऱ्याने स्वतःहून सांगायचं. भेटायला महिन्यातून एकदा, आलटून पालटून एकाने जायचं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. रात्रीच्या गाडीचं स्लीपर शनिवार-रविवारसाठी लगेच भरतं, म्हणून तारखा दोन महिने आधी ठरवा. तिचा स्टायपेंड आणि तुझा पॉकेटमनी सारखा नसेल, तर तिकिटाचा खर्च निम्मा-निम्मा करा आणि जेवणाचं ज्याने बोलावलं त्याने बघा. लाजेखातर उधार घेऊन भेटवस्तू देऊ नकोस.

नोकरीच्या गावाचं असं करा: दोघांनी वेगवेगळ्या कागदावर तीन-तीन गावं क्रमाने लिहा, एकमेकांना न दाखवता, आणि प्रत्येक गावासमोर कारण लिहा. तुझ्या कामाला बडोदा, भरूच-दहेज, हजिरा, मुंबई-पुणे सगळीकडे जागा आहे. तिला बडोदा, अहमदाबाद, पुणे चालेल. समान गाव निघालं तर तिथल्या कंपन्यांना आधी अर्ज. नाही निघालं तर पहिली दोन वर्षं वेगळ्या गावी, असं स्पष्ट ठरवा. अमुक गाव नको म्हणून हातातली ऑफर मात्र सोडू नकोस, आणि तिलाही सोडायला सांगू नकोस. त्या त्यागाचा हिशोब पुढे दोघांनाही नकोसा होतो.

घरच्यांबद्दल. कमाटीबागेत किंवा सूरसागरावर भेटलात तरी दांडिया बाजारातली एखादी काकू बघणारच. आईला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे. लग्नाचा विषय काढायची गरज नाही. ‘अमुक मुलगी माझी जवळची मैत्रीण आहे, आम्ही भेटतो, नोकरी लागल्याशिवाय पुढचं काही ठरवणार नाही’ एवढं पुरे. सणाच्या गडबडीत नको, एखाद्या साध्या रविवारी, जेवणं झाल्यावर. तिच्या घरी कधी सांगायचं ते तिने ठरवायचं.

एकमेकांचे पासवर्ड मागू नका, सतत लोकेशन चालू ठेवायला लावू नका. आणि अ‍ॅपवरून ओळखी करणारे हे वाचत असतील तर: पहिली भेट स्वतः निवडलेल्या ठिकाणी, स्वतःच्या वाहनाने, आणि ऑर्डर देण्याआधी मेनूवरचे भाव बघून. समोरची व्यक्ती एका विशिष्ट कॅफेचाच हट्ट धरत असेल तर जाऊ नका. बिल फुगवून लुटण्याची ती ठरलेली पद्धत आहे. फोटोवरून कोणी पैसे मागायला लागलं तर एकही रुपया देऊ नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० वर तक्रार करा. एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही.

सीटीसी_समजावणारा

पगाराचं गणित मांडतो. ऑफर ४,२०,००० ची आहे असं धर. बेसिक निम्मं, म्हणजे वर्षाला २,१०,०००. एकूण पॅकेजमधून (सीटीसी) कंपनी आधी आपल्या वाट्याचा पीएफ वजा करते. १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के धरला तर महिना १,८००, वर्षाला २१,६००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण १०,१००. आणि व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) पॅकेजच्या १० टक्के असेल तर ४२,०००, जे वर्षाअखेर मिळालं तर मिळालं. उरले सुमारे ३,४६,३००, महिन्याला २८,८५० च्या आसपास. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि गुजरातचा व्यवसाय कर २०० गेला की खात्यात २६,८५० येतात. ‘पस्तीस हजार महिना’ असं घरी सांगून बसू नकोस. ऑफर आली की एचआरला एकच प्रश्न मेलवर विचार: ‘व्हेरिएबल सोडून दरमहा हातात किती?’

बाँडमध्ये (ठराविक काळ नोकरी न सोडण्याचा करार) तीन गोष्टी वाच: किती महिने, रक्कम किती, आणि महिने जातील तशी ती कमी होते का. मूळ मार्कशीट जमा करायला सांगत असतील तर देऊ नकोस, प्रत दे. आणि नोंदणी, लॅपटॉप किंवा ट्रेनिंगच्या नावाखाली नोकरीआधी पैसे मागणारी ऑफर खोटी समज, लेटरहेड कितीही छान असो. मेलचा पत्ता कंपनीच्या डोमेनचा आहे का ते अक्षर-अक्षर तपास.

कॉलेजचा प्लेसमेंटचा नियम आत्ताच वाचून ठेव. पुष्कळ ठिकाणी एक ऑफर मिळाली की पुढच्या कंपन्यांना बसू देत नाहीत. तसं असेल तर पहिल्या आठवड्यात येईल त्या कंपनीला अर्ज टाकणं महागात पडतं. डिझाइनमध्ये जायचं असेल तर बडोद्यात लिंडे आणि एल अँड टीसारखी ऑफिसं आहेत. तिथे पी अँड आयडी (प्लांटच्या पाइप आणि उपकरणांचा आराखडा) वाचता येतो का, लाइन साइझिंग, पंपाचं हेड, कंट्रोल व्हॉल्व्ह बिघडल्यावर उघडा राहिला पाहिजे की बंद, हे विचारतात. एका फ्लॅश ड्रमचा (द्रव आणि वाफ वेगळं करणारं भांडं) पी अँड आयडी हाताने काढायचा सराव कर.

गेट परीक्षेचा (एम.टेक.च्या प्रवेशाची) विचार असेल तर तिसऱ्या वर्षालाही बसता येतं, परीक्षा फेब्रुवारीत असते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. जूनपर्यंत काहीच हातात आलं नाही तर घरी बसू नकोस, एनॅट्सवर (सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टल) नाव नोंदव. पदवीधरांची एक वर्षाची अप्रेंटिसशिप आहे. २०१९ च्या नियमाप्रमाणे किमान स्टायपेंड ९,००० ठरला होता, बऱ्याच कंपन्या त्याहून जास्त देतात. फक्त ती नोकरी नाही, वर्ष संपल्यावर ठेवून घेण्याचं बंधन कंपनीवर नसतं, हे समजून जा.

दांडियाबाजार_केमिकल

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, कागदाचं आजच करतो. एक शंका: समजा दोन ठिकाणी ट्रेनिंगचा होकार आला, एकीकडे मोठं नाव पण विभाग ठरलेला नाही, दुसरीकडे नंदेसरीत युटिलिटी नक्की. मग?

कोयली_ते_नंदेसरी

मोठ्या ठिकाणी फोन करून विभाग विचार आणि दोन दिवसांची मुदत माग. युटिलिटी किंवा प्रोसेस मिळत असेल तर तिथे जा. ‘आल्यावर बघू’ म्हणाले तर नंदेसरी घे. आणि ज्यांना नाही म्हणायचं त्यांना त्याच दिवशी मेल कर, सेलला प्रत टाकून. ती जागा तुझ्याच वर्गातल्या कोणालातरी मिळू शकते, आणि पुढच्या वर्षी तुमच्या कॉलेजचं पत्र गेलं की तेच ऑफिस ते उघडणार आहे. नंदेसरी ठरली तर जाताना स्वतःचं वेट बल्ब थर्मामीटर ने, छोट्या युनिटमध्ये ते असेलच असं नाही.