चर्चगेटचे छायाचित्र मिरजेच्या फलाटावर का उतरत नाही?

प्रश्न: भोपळा-तारा (मिरज)

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी मी एक वापरलेला मिररलेस कॅमेरा आणि ५० मिमीची एकच लेन्स घेतली. ॲपर्चर (लेन्सचे छिद्र किती उघडे), शटर (प्रकाश किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता किती) यांचे गणित आता अंगवळणी पडले आहे. नोकरीमुळे एखाद्या वर्गाला जाणे जमत नाही, म्हणून थोर छायाचित्रकारांचे काम पाहून शिकायचे असे ठरवले, आणि नेमका तिथेच अडलो आहे.

रघू राय यांनी १९९५ मध्ये चर्चगेट स्थानकावर टिपलेले छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. प्रवाशांचा लोंढा धूसर होऊन वाहतो आहे आणि वर्तमानपत्र वाचणारी माणसे तेवढी ठळक दिसतात. ते चित्र डोळ्यांसमोर ठेवून मी सलग चार रविवार मिरज जंक्शनवर गेलो. शटर अर्ध्या सेकंदावर ठेवले, कॅमेरा खांबाला टेकवला आणि गाडी फलाटाला लागली की उतरणाऱ्या गर्दीवर रोखला. जवळपास दोनशे फ्रेम घेतल्या. हाती आले ते धूसर पाय, धूसर पिशव्या, एका हमालाच्या लाल सदऱ्याचा ओघळ आणि मागे चहाच्या टपरीचा अर्धवट फलक. नजर कुठेच ठरत नाही.

माझे विचारणे दोन गोष्टींबद्दल आहे. एखाद्या थोर छायाचित्रकाराकडून नेमके काय उचलायचे असते? आणि दुसरी गोष्ट, जी मला अधिक सलते: दुसऱ्याचे चित्र मनात धरून काढलेल्या छायाचित्राला माझे म्हणावे का? ओळखीच्या एका ज्येष्ठांनी ही उसनवारी सोडून स्वतःचे काही करण्याचा सल्ला दिला. परंतु स्वतःचे म्हणजे काय, हे पुरते कळण्याआधी ते करावे तरी कसे?

उत्तर: फलाट क्रमांक तीन (डोंबिवली)

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच लिहून गेला आहात. नजर कुठेच ठरत नाही, कारण तुमच्या फ्रेममध्ये थांबलेले असे काहीच नाही.

त्याच वर्षी, म्हणजे १९९५ मध्येच, ब्राझीलचे सेबास्तियाओ साल्गादो यांनीही चर्चगेटवर छायाचित्र घेतले, आणि जगभरातील स्थलांतरावरच्या त्यांच्या दीर्घ कामात त्याचा समावेश आहे. ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून अर्धा तास तरी पाहा, असा माझा आग्रह आहे. स्थानक एकच, वर्ष एकच, दोन्ही चित्रे कृष्णधवल, दोघांचेही शटर संथ, आणि तरीही निर्णय वेगवेगळे. साल्गादो उंचावरून पाहतात. उभ्या असलेल्या गाड्यांच्या सरळ रेषा बांध घातल्यासारख्या आहेत आणि त्यांमधून माणसे पाण्यासारखी वाहतात. त्या चित्रात कोणी एक माणूस महत्त्वाचा नाही. राय यांनी मात्र गर्दीतली अशी माणसे हेरली, जी स्वतःच्या इच्छेने थांबली आहेत, आणि साऱ्या धावपळीचे मोजमाप त्यांच्या त्या निवांतपणावर सोपवले. गाडी असो वा वाचक, दोन्हीकडे काहीतरी घट्ट उभे आहे आणि त्याच्याच आधाराने धूसरपणाला अर्थ येतो. तुम्ही धूसरपणा उचललात आणि आधार तेवढा मागे राहिला.

माझेही अनेक महिने असेच वाया गेले. मग एका पहाटे दादरच्या फूलबाजारात एक बाई शेवंतीची पाटी पुढ्यात घेऊन गजरा ओवत बसलेल्या दिसल्या. त्यांचे हात सतत चालत होते, मान मात्र जराही हलत नव्हती. शटर १/८ सेकंदावर ठेवून मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. चित्रात त्यांचा चेहरा आणि कपाळावरचे कुंकू स्वच्छ आले, सुईदोरा नाहीसा झाला आणि मागची गर्दी रंगांचे पट्टे होऊन गेली. राय यांच्याकडून मी काय शिकलो, हे मला त्या दिवशी उमगले, आणि त्या चित्रात रेल्वे औषधालाही नव्हती.

म्हणून कॅमेरा घेण्याआधी वही घ्या. आवडलेल्या एका चित्रासमोर बसून उभे राहण्याची जागा, कॅमेऱ्याची उंची, प्रकाशाची दिशा, काय स्थिर आणि काय हलते, फ्रेमच्या चारही कडांवर काय कापले गेले, आणि समोर असूनही काय घेतलेले नाही, हे आपल्या शब्दांत लिहून काढा. शेवटच्या मुद्द्याला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि शिकायला मिळते तेही त्यातूनच. अर्धा सेकंदही जरा जास्तच वाटतो. चालणाऱ्या माणसाचा आकार शिल्लक ठेवायचा असेल तर १/८ ते १/४ सेकंदाच्या दरम्यान प्रयत्न करा. छताखालच्या फलाटावर आयएसओ १०० आणि ॲपर्चर एफ/११ किंवा एफ/१६ (म्हणजे छिद्र लहान) ठेवले की बहुधा तेवढे संथ शटर मिळते. उघड्या उन्हात एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी लेन्सवरची गडद काच) लागेल. स्थानकावर ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी परवानगी घ्या.

उत्तर: जोडतंबोरा (पुणे)

उसनवारीच्या प्रश्नावर लिहितो. ज्या गावात थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहिले, जिथे मीरासाहेबांच्या दर्ग्यात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते, त्या मिरजेतून हा प्रश्न यावा याचे मला थोडे नवल वाटले. गुरूमागे तंबोरा घेऊन बसलेला शिष्य वर्षानुवर्षे बंदिश गुरूने म्हटली तशीच म्हणतो. समेवर येण्याची लकबही तीच, श्वास घेण्याची जागाही तीच. त्याला कोणी चोर म्हणत नाही. तो चोर ठरतो ते बंदिश आपलीच आहे असे सांगितल्यावर. तुम्हीही सरावाची चित्रे कुठे दाखवलीत तर ती कोणाच्या कोणत्या चित्रावरून केली आहेत हे खाली स्पष्ट लिहा, आणि मग मनात किंतु ठेवू नका.

छायाचित्रणातही ही परंपरा आहे. हंगेरीचे मार्टिन मुंकाची यांनी १९३० च्या सुमारास आफ्रिकेतील टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणाऱ्या तीन मुलांचे छायाचित्र घेतले होते. ते पाहून फ्रान्सचे तरुण छायाचित्रकार आन्री कार्तिये-ब्रेसाँ हादरून गेले, आणि त्या एका चित्राचे ऋण त्यांनी पुढे उघडपणे मान्य केले. पण मुले आणि लाटा शोधण्यासाठी ते टांगानिकाला धावले नाहीत. १९३२ मध्ये त्यांनी पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस टिपला. काळी आकृती, पाणी आणि पाऊल टेकण्याआधीचा निमिष एवढेच दोन्ही चित्रांत समान आहे.

पुढची कडी आपल्या देशातली आहे. जयपूरचे छायाचित्रकार रघुबीर सिंह १९६६ मध्ये तिथेच कार्तिये-ब्रेसाँ यांना भेटले आणि कार्तिये-ब्रेसाँ यांच्या कामाचा सिंह यांच्यावर खोल ठसा उमटला. मात्र ज्यांना रंगीत छायाचित्रणाचे वावडे होते त्या गुरुतुल्य माणसाकडून रचना घेऊन सिंह यांनी आयुष्यभर रंगातच काम केले, कारण रंग वगळून भारत दाखवणे त्यांना शक्यच वाटत नव्हते. ॲम्बॅसडर मोटारीच्या खिडक्या, दारे आणि आरसे यांतून पाहिलेला भारत हे त्यांचे अखेरच्या काळातले काम अवश्य पाहा. एका चौकटीत चार चौकटी कशा बसतात, हे त्यातून शिकावे. स्वतःचे म्हणजे काय असे तुम्ही विचारता. गुरूचे सारे पटत असताना जी एक गोष्ट काही केल्या पटत नाही, तिथून ते सुरू होते असे मला वाटते.

उत्तर: सव्वातीनशे (नागपूर)

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, पण हुबेहूब अनुकरणाबाबत माझी एक हरकत आहे. गाण्यात शिष्य बंदिश उचलतो. छायाचित्रणात बहुतेक जण विषय उचलतात. पालखी दिवे घाटात आली की तेच वळण, तीच लांब पल्ल्याची लेन्स आणि तोच भगव्या पताकांचा नागमोडी प्रवाह शेकडो कॅमेऱ्यांत जातो. त्यातून फार तर कुठे उभे राहावे हे कळते, कसे पाहावे हे कळत नाही.

दुसरे म्हणजे, आपण थोरांची फक्त निवडलेली चित्रे पाहतो. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर फिरून ७६७ रोल वापरले, सुमारे २७,००० फ्रेम घेतल्या आणि १९५८ मध्ये निघालेल्या पुस्तकात छायाचित्रे ठेवली ८३. म्हणजे सव्वातीनशे फ्रेममागे एक. या हिशेबाने तुमच्या दोनशे फ्रेममध्ये एकही न साधणे यात खंत करण्यासारखे काही नाही. फ्रँक हेसुद्धा आधीच्या पिढीतील अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांचे काम बारकाईने पाहूनच तिथवर आले होते, हेही लक्षात असू द्या.

म्हणून जिथे मिळतील तिथे कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलमधल्या सर्व फ्रेम क्रमाने छापलेला कागद, पाहा. निवडलेल्या फ्रेमच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेममध्ये छायाचित्रकार किती पावले सरकला, केव्हा खाली बसला, हे त्यांत दिसते. आणि कृपया मोबाइलवर रोज दहा जणांचे काम सरकवत पाहू नका. एका वर्षासाठी एकच छायाचित्रकार निवडा आणि त्याचे एक पुस्तक मिळवून ते पहिल्या पानापासून क्रमाने पाहा, कारण कोणत्या चित्रानंतर कोणते ठेवले हासुद्धा त्याचाच निर्णय असतो.

प्रतिसाद: भोपळा-तारा (मिरज)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे थांबून, काम करून मगच लिहितो आहे.

वहीत चर्चगेटच्या चित्राचे वर्णन केले तेव्हा दोन पाने भरली. त्यानंतर स्थानकावर गेलोच नाही. घराजवळच्या सतारमेकर गल्लीत एका वयस्कर कारागिरांच्या परवानगीने बसू लागलो. ते जवारी काढत होते, म्हणजे तारेचा नाद जमवत होते. घोडी (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) कानशीने किंचित घासायची, तार छेडायची, मान डावीकडे कलती करून ऐकायचे आणि पुन्हा घासायचे. घासताना सारे शरीर हलते. ऐकताना मात्र ते इतके स्तब्ध होतात की श्वासही थांबला असावा असे वाटते. त्या क्षणी १/४ सेकंदाला घेतलेल्या एका फ्रेममध्ये चेहरा आणि कान स्वच्छ आले आहेत, आणि तार एका बारीक करड्या पट्ट्यासारखी पसरली आहे. हे चित्र माझे आहे असे मला पहिल्यांदाच वाटले, आणि तरी ते कुठून आले हेही मला पक्के ठाऊक आहे.

अडचण एवढीच की खोलीला एकच खिडकी आहे. चेहऱ्याची खिडकीकडची बाजू पांढरी पडते आणि दुसरी बाजू काळोखात जाते. काय करावे?

उत्तर: फलाट क्रमांक तीन (डोंबिवली)

स्पॉट मीटरिंग (फ्रेममधल्या एका लहान ठिकाणचाच प्रकाश मोजणे) लावून चेहऱ्याच्या उजळ बाजूवर मोजमाप घ्या आणि सावली काळी जात असेल तर जाऊ द्या. तुमच्या चित्रात कान आणि तार उजेडात असणे पुरेसे आहे. काळोख फारच वाटला तर दुसऱ्या बाजूला एक पांढरा पुठ्ठा उभा करा, फ्लॅश मात्र नको. खिडकीत थेट ऊन नसेल अशी वेळ आधी पाहून ठेवा. आणि कॅमेरा जरा खाली, घोडीच्या उंचीवर आणून पाहा. तुम्ही लिहिले आहे त्यावरून तुम्ही उभ्याने पाहत आहात असे वाटते, आणि ते कारागीर तर जमिनीवर बसून ऐकत आहेत.